गल्लीच्या तोंडाशी दगड सुटले तर: कोल्हापूरच्या पेठांत राहणाऱ्यांसाठी

कोल्हापूरला मोर्चा नवा नाही. ऊसदर, टोल, हद्दवाढ, खंडपीठ, आरक्षण, शक्तिपीठ महामार्ग अशा एकेका विषयावर या शहराने रस्ता गाजवला आहे. दसरा चौकातून निघायचं, घोषणा देत कलेक्टर कचेरीवर जायचं, निवेदन द्यायचं, भाषणं ऐकायची आणि चहा पिऊन घरी यायचं, ही इथली जुनी रीत. १५ ऑक्टोबर २०१६ च्या मराठा क्रांती मूक मोर्चाला लाखो माणसं आली आणि एक काच न फुटता परत गेली. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: गर्दी दिसली म्हणून घाबरून दारं लावायची गरज नसते. शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेनं दिलेला आहे आणि तो आपल्या शहरानं नीट वापरला आहे.

पण दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. जानेवारी २०१४ मध्ये टोलविरोधी आंदोलनात टोलनाके पेटले. ७ जून २०२३ ला व्हॉट्सॲप स्टेटसच्या वादातून बंदची हाक दिली गेली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली आणि इंटरनेट बंद झालं. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाजवळच्या गजापुरात घरं फोडली गेली. त्या त्या दिवशी ज्यांची घरं किंवा दुकानं त्या रस्त्याला होती, त्यातल्या बहुतेकांचा मूळ वादाशी काडीचा संबंध नव्हता. हा लेख त्यांच्यासाठी आहे. महाद्वार रोड, पापाची तिकटी, माळकर तिकटी, अकबर मोहल्ला, शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बिंदू चौक, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, कुठंही राहा. मोर्चा कोणत्या बाजूचा आहे, याने खालच्या गोष्टींत फरक पडत नाही.

आधी करून ठेवायची कामं

बंदची हाक आली की आदल्या संध्याकाळी तासाभराचं काम असतं. रोख पैसे काढून ठेवा. इंटरनेट बंद झालं की यूपीआय बंद, मग दूधवाल्याला आणि औषधाच्या दुकानात काय देणार? दोन-तीन दिवस पुरेल एवढी रोकड सुट्ट्यासकट घरात असावी. बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, फिट यांची औषधं किमान आठवड्याची हवीत. दम्याचा पंप कुठं आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू दे. मोबाईल आणि पॉवर बँक चार्ज करा.

एका कागदावर नंबर लिहा आणि तो फ्रिजवर चिकटवा: पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, आपल्या हद्दीतलं पोलीस ठाणं, शेजारचे तीन फोन, मुलांची शाळा, रिक्षावाले काका. आपण जुना राजवाडा ठाण्यात येतो, लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीत की राजारामपुरीत, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. आमच्या पेठांत गल्लीची एक बाजू एका ठाण्याकडे आणि दुसरी बाजू दुसऱ्याकडे असं होतं, तेव्हा आधीच विचारून घ्या.

मग घराभोवती एक फेरी मारा. गॅलरीत ठेवलेला रिकामा सिलिंडर आत घ्या. जिन्याखालचं रद्दीचं पोतं, रंगाचे डबे, मीटरजवळची लाकडं काढा. बांधकामाची खडी, विटा, फरशीचे तुकडे गल्लीत पडलेले असतील तर ते आवरणं ही साऱ्या गल्लीची जबाबदारी आहे. गर्दीला हाताला लागेल ते उचलायची सवय असते, आणि ती वीट पुढच्या क्षणी कुणाच्याही डोक्यात बसू शकते. तालमीच्या पोरांना सांगितलं तर अर्ध्या तासात गल्ली साफ होते.

दुचाकी मुख्य रस्त्यावरून आत बोळात घ्या. बोळ अडेल अशा मात्र लावू नका, कारण अग्निशमनचा बंब आणि रुग्णवाहिका तिथूनच येणार. जुन्या वाड्यांत मागचं दार, परड्यातून शेजारच्या गल्लीत निघणारी वाट असते. वर्षानुवर्षं तिथं कपाट लावलेलं असतं, कडी गंजलेली असते. ती वाट एकदा उघडून बघा. पुढच्या दाराशी आग किंवा धूर असेल तेव्हा तीच एक वाट उरते.

दुकानदारांसाठी थोडं वेगळं. बंदच्या दिवशी शटर अर्धं उघडं ठेवून धंदा करण्याची पद्धत आहे. शांत बंदात ते खपून जातं. तणावाच्या दिवशी अर्धं शटर दोन्हीकडून वाईट: गर्दीला डिवचल्यासारखं वाटतं आणि पळताना ते पटकन खाली येत नाही. एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद करून कुलूप लावून घरी जा. पोरांना दुकानात झोपायला ठेवू नका. मालाचा आणि आतल्या भागाचा तारखेसह व्हिडिओ काढून ठेवा, तो पुढे विम्याच्या कामाला येईल.

वारं फिरतंय हे कसं ओळखायचं

पेठेतल्या जुन्या माणसांना हे आवाजावरून कळतं. शटरं एकेक करून खाली येत असतील तर मोर्चा येतोय एवढाच अर्थ. पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाटेसारखी धडाधड शटरं पडत आली तर पुढे काहीतरी घडलंय. तेव्हा तुम्ही रस्त्यावर असाल तर काय झालं ते विचारत थांबू नका, आत वळा.

आणखी काही खुणा सांगते. मोर्चा चालत असतो तोवर बरा, तो चौकात थांबून पुढे सरकेनासा झाला की ताण वाढतो. भाषण करणारे नेते निघून गेले आणि पोरं मागे राहिली, हा सर्वांत वाईट क्षण. तोंडाला रुमाल बांधलेली टोळकी दुचाकीवरून गल्लीगल्लीतून घोंगावायला लागली, कुणी विशिष्ट दुकानांकडे बोट दाखवायला लागलं, पोलिसांनी हेल्मेट चढवून ढाली पुढे घेतल्या, लाऊडस्पीकरवरून पांगायला सांगितलं, की तुमची वेळ संपली.

ही शेवटची घोषणा हलक्यात घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार पाच किंवा अधिक जणांचा जमाव पांगवण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा फौजदार दर्जाचा अधिकारी देऊ शकतो. असा हुकूम झाल्याचं माहीत असूनही बेकायदा जमावात थांबणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय कलम १९० म्हणतं की जमावाच्या समान उद्देशातून एकाने केलेला गुन्हा सगळ्यांच्या माथी येतो. ‘मी नुसता बघत उभा होतो’ हा बचाव कोर्टात टिकू शकतो, पण तो मांडायला जामीन, तारखा आणि वकील लागतात. मध्यंतरी पोराचं चारित्र्य प्रमाणपत्र अडतं, पासपोर्ट अडतो, भरती हुकते.

जमावबंदीचे आदेशही समजून घ्या. पूर्वीचं कलम १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे. आपल्याकडे बऱ्याचदा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली आदेश निघतो, आणि तो एका वेळी पंधरा दिवसांपर्यंतचा असतो. दूध आणायला, दवाखान्यात जायला अशा आदेशाने बंदी येत नाही. संचारबंदी मात्र वेगळी. तेव्हा कोणता आदेश आहे, कोणत्या भागासाठी आणि किती वाजेपर्यंत, हे मूळ आदेश वाचूनच ठरवा.

बघायला जाऊ नका

या लेखातली एकच ओळ लक्षात राहायची असेल तर ही राहू दे. आपल्या शहराला बघायची हौस आहे. कुस्ती असो, विसर्जन असो की रंकाळ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं असो, ‘काय झालंय बघून येतो’ म्हणत माणूस चप्पल घालतो. दंगलीत ही हौस जिवावर येते. पाचशे जणांच्या गर्दीत दगड मारणारे मोजके असतात, बाकीचे बघे. पण पोलिसांना पाचशेच दिसतात, आणि दगड मारणाऱ्यांना तीच पाचशेची भिंत लपायला मिळते. बघे घरी गेले तर उरतात त्यांना आवरणं सोपं जातं. म्हणून घरी राहणं हेच शहराला केलेलं मोठं साहाय्य आहे. आईनं, बायकोनं, बहिणीनं दारात उभं राहून पोराला अडवावं. मी हे अगदी मनापासून सांगते.

रस्त्यात सापडलात तर

गर्दीच्या मध्यातून सरळ उलटं जायचा प्रयत्न करू नका. तिरकं तिरकं कडेला सरका आणि पहिल्या मोकळ्या गल्लीत वळा. कोल्हापूरच्या जुन्या भागात बोळ पुष्कळ आहेत, पण काही पुढे बंद होतात. माहीत नसलेल्या बोळात शिरण्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या दुकानात किंवा दवाखान्यात आसरा मागा. पळापळ झाली तर चालत राहा, पडलात तर डोकं हातांनी झाकून कुशीवर वळा आणि भिंतीचा आधार घेऊन उठा. गाडी अडकली तर ती सोडा. एका ॲक्टिव्हासाठी परत फिरलेली माणसंच लाठीखाली येतात.

पोलीस समोरून येत असतील तर हात मोकळे, दिसतील असे ठेवा. हुज्जत नको, हातात फोन उंचावलेला नको. ‘साहेब, घरी निघालोय, ह्या गल्लीत घर आहे’ एवढंच बोला आणि ते दाखवतील त्या वाटेनं जा. चुकीची वागणूक झाली असेल तर तक्रार नंतर करता येते, त्या मिनिटाला नाही.

अश्रुधुराबद्दल गैरसमज खूप आहेत. नळकांडं फुटलं की ते तापलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही, लाथही मारायची नाही. धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा बसू नका. वाऱ्याच्या उलट दिशेला आणि जमेल तर उंचावर जा. डोळे चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर हात धुऊन काढून टाका. भरपूर साध्या पाण्याने डोळे नाकाकडून कानाच्या दिशेला धुवा. तेल, टूथपेस्ट, क्रीम लावायचं नाही, त्यात ती पूड उलट चिकटून बसते. घरी आल्यावर कपडे बाहेरच काढा, वेगळे धुवा आणि गार पाण्यानं अंघोळ करा. गरम पाण्यानं त्वचेची आग वाढते. साधारण अर्ध्या तासात त्रास ओसरतो. धाप लागत राहिली, छातीत घरघर असली, किंवा दमेकरी, गरोदर बाई, तान्हं बाळ असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

इथं एक कोल्हापूरची अडचण आहे. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, दसरा चौकाला लागूनच आहे आणि मोर्च्याचा रस्ताही तोच. तिथं गोंधळ चालू असेल तर जखमीला दुचाकीवर मध्ये बसवून गर्दीतून काढायचं धाडस करू नका. १०८ ला फोन करा, कोणत्या बाजूनं येता येईल ते सांगा, नाही तर शहराच्या दुसऱ्या अंगाच्या दवाखान्यात न्या. डोक्याला दगड लागला असेल तर स्वच्छ कपड्यानं दाबून धरा. काच रुतली असेल तर उपसू नका. नंतर उलटी झाली, गुंगी आली, बोलण्यात गोंधळ झाला तर रात्र घरात काढू नका.

घरात असाल तर

रस्त्याकडच्या खोलीतून सगळ्यांना मागच्या खोलीत आणा. गॅलरीत उभं राहणं बंद. खालच्याला वरचा माणूस कोण आहे ते कळत नाही, तो नुसता हालचालीवर दगड भिरकावतो. खिडकीचे पडदे ओढा, काच फुटली तर तुकडे पडद्यात अडकतात. रस्त्याच्या बाजूचे दिवे मालवा. धूर येत असेल तर खिडक्या लावा, एक्झॉस्ट आणि कूलर बंद करा, दाराखाली ओलं फडकं लावा. गॅसचा रेग्युलेटर बंद. कौलारू किंवा पत्र्याचं घर असेल तर माळ्यावर कुणी झोपायचं नाही, पोरांना भिंतीलगत बसवा.

लहान मुलांना काय सांगायचं? खरं सांगा, पण थोडक्यात. ‘बाहेर भांडण झालंय, पोलीस आलेत, आपण सगळे एकत्र आहोत.’ त्यांच्यापुढे मोबाईलवरचे व्हिडिओ लावू नका, आणि ‘त्यांनी’ असं केलं, ‘त्या लोकांनी’ तसं केलं, असं तर मुळीच बोलू नका. दोन दिवसांनी तेच मूल शाळेत कुणाशेजारी तरी बसणार असतं.

आता अवघड प्रश्न. कुणी दार वाजवलं तर?

दार उघडण्याआधी वरच्या खिडकीतून बघा. गर्दीनं पाठलाग केलेला माणूस असेल, बाई असेल, म्हातारा असेल, जखमी पोरगं असेल, तर आत घ्या आणि कडी घाला. तो कुठल्या समाजाचा हे विचारायची ती वेळ नव्हे. त्याला पाणी द्या, घरच्यांना फोन लावून द्या, ११२ ला कळवा आणि परिस्थिती निवळल्यावर पोलिसांच्या किंवा जाणत्या शेजाऱ्यांच्या सोबतीनं पाठवा. गुन्हा करून आलेल्याला लपवण्यासाठी आसरा देणं हा गुन्हा आहे, जीव वाचवायला दार उघडणं नाही. हातात काठी घेतलेला, ‘काकू, मागच्या दारानं सोडा’ म्हणणारा ओळखीचाच पोरगा असेल तरी त्याला वाट देऊ नका. ‘काठी तिथंच टाक आणि आपल्या आईकडे जा’ एवढं त्याच्या नावानं हाक मारून सांगितलं, तर पुष्कळदा पुरतं. गर्दीत नाव हरवलेल्या पोराला नावानं बोलावणारं कुणीतरी लागतं.

आणि गल्लीत एखादंच घर दुसऱ्या धर्माचं किंवा जातीचं असेल, तर गोंधळ सुरू होण्याआधीच त्यांच्याकडे जा. फोन नको, प्रत्यक्ष जा. ‘आम्ही हाय, काय लागलं तर भिंत वाजवा’ असं सांगा. रात्री दोघा-तिघांनी त्यांच्या दारात खुर्च्या टाकून बसावं. गल्लीतलीच वडीलधारी माणसं दारात बसलेली दिसली की बाहेरून आलेलं टोळकं बिचकतं. ज्या शहरात बाबूजमाल तालमीत गणपती आणि मोहरमचा पंजा दोन्ही बसतात, दसरा चौकात शाहू महाराजांच्या काळातलं मुस्लिम बोर्डिंग उभं आहे, तिथं हे काही जगावेगळं काम नाही.

जे दिसलं ते नीट टिपणं

घरातून, सुरक्षित जागेवरून काही दिसलं असेल तर त्याला किंमत आहे. अशा दिवशी गोष्टी पन्नास तोंडांनी सांगितल्या जातात आणि त्यातल्या पाचच कुणी डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. निर्दोष पोरगं सुटणं आणि खरा दोषी सापडणं, दोन्ही त्या पाचांवर अवलंबून असतं.

व्हिडिओ काढायचा तर फोन आडवा धरा, पडद्याआडून काढा, फ्लॅश बंद ठेवा. सुरुवातीला हळू आवाजात तारीख, वेळ आणि जागा बोला. मधे थांबवून तुकडे करू नका, झूम करून हलवत बसू नका. आधी एखादी ओळखीची खूण, म्हणजे दुकानाची पाटी, चौक, मंदिराचा कळस असं काही घ्या. आपली टीकाटिप्पणी त्यात नको. ती नंतर कोर्टात ऐकवली जाते.

मूळ फाईल फोनमधून पुसायची नाही, कापायची नाही, तिच्यावर गाणं किंवा अक्षरं टाकायची नाहीत. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आतली माहिती उडते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारी आकडे-अक्षरांची खूण, नोंदवायची असते. म्हणूनच मूळ फोन आणि मूळ फाईल जपायची.

कॅमेऱ्यापेक्षा वही जास्त कामाची, असं माझं मत आहे. त्याच दिवशी, झोपण्याआधी लिहा. अशी नोंद बघा:

‘दुपारी सव्वाबारा. दुसऱ्या मजल्यावरच्या पुढच्या खिडकीत होते. तिकटीकडून २० ते २५ जण आले, बहुतेक विशीतले. तिघांच्या तोंडाला रुमाल. निळ्या टी-शर्टातल्या एकाने बेकरीच्या काचेवर वीट मारली. चेहरा दिसला नाही. साधारण पाच मिनिटांनी मागून पोलीस आले. पोलीस येण्याआधी शिट्टी ऐकली. कुणी मारली ते माहीत नाही.’

यात ‘चेहरा दिसला नाही’ आणि ‘माहीत नाही’ हे दोन शब्दप्रयोग फार मोलाचे आहेत. आता हीच गोष्ट दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेली बघा: ‘अमक्या पेठेतल्या पोरांनी बेकरी फोडली.’ पेठ कशी कळली? कपड्यांवरून? शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून? पाहिलेलं एका रकान्यात, ऐकलेलं दुसऱ्यात, आणि आपला अंदाज लिहायचाच नाही.

फोन आणि अफवा

‘अमुक ठिकाणी देवळावर दगड पडले’, ‘तमुक मशिदीत हत्यारं सापडली’, ‘पोरगं गेलं’. असा मजकूर आला की आधी एकच विचारा: पाठवणाऱ्यानं स्वतः पाहिलं का? नसेल तर तो तुमच्याकडेच थांबू दे. जुने, परगावचे व्हिडिओ अशा दिवशी हटकून फिरतात. पाट्यांवरची भाषा, गाड्यांचे नंबर, पोलिसांचा गणवेश, पावसापाण्याचे दिवस नीट बघितले की बरेचसे खोटे उघडे पडतात. जूनमध्ये आपल्याकडे छत्र्या निघालेल्या असताना व्हिडिओत रस्ते धुळीनं भरलेले का?

ग्रुप अ‍ॅडमिन असाल तर ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ वर टाका आणि तसं करण्याचं कारण एका ओळीत लिहा. दोन समाजांत तेढ वाढवणाऱ्या मजकुरासाठी न्याय संहितेचं कलम १९६ आहे, खोट्या माहिती आणि अफवांसाठी ३५३. पुढे ढकलणाराही त्यात येऊ शकतो. कॉलेजच्या पोरांचे स्टेटस आईवडिलांनी त्या दिवशी बघावेत. २०२३ च्या जूनमध्ये सगळं सुरू झालं ते स्टेटसवरूनच.

इंटरनेट बंद झालं तरी साधा फोन आणि एसएमएस बहुधा चालू असतात. कुणी कुणाला फोन करायचा हे आधीच वाटून घ्या. परगावच्या नातेवाइकांपैकी एकालाच कळवा, तो बाकीच्यांना सांगेल. पुण्या-मुंबईच्या पोरांचे एकामागून एक फोन घेत बसलं की बॅटरी संध्याकाळीच संपते.

दुसऱ्या दिवशी

काच झाडायला केरसुणी हातात घेण्याआधी थांबा. फोटो काढा: लांबून एक, जवळून एक, आत पडलेल्या दगडाचा त्याच जागी एक, गाडीचा नंबर दिसेल असा एक. मग पोलीस ठाण्यात जा, तक्रार द्या आणि पंचनाम्याची मागणी करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. हद्द दुसरी असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते. ठाण्यात घेतली नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे टपालानं पाठवता येते, पुढे दंडाधिकाऱ्यांकडे. तक्रारीत लिहिताना ‘अज्ञात इसम’ लिहायला लाजू नका. ज्याचं नाव खात्रीनं माहीत नाही, ते कुणाच्या सांगण्यावरून घालू नका. राग आहे म्हणून टाकलेलं एक नाव एका घराची पाच वर्षं खातं.

विम्याचं त्याच दिवशी कळवा. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर दंगल आणि संपातलं नुकसान त्यात येतं, पण नुसता थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही, आणि जुन्या दुचाकीवर बहुतेकांचा तेवढाच असतो. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत दंगलीतलं नुकसान धरलेलं असतं. दुकानाच्या पॉलिसीत ते कलम आहे की वगळलंय, हे आत्ताच कपाटातून कागद काढून बघा. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत मोडका माल फेकू नका. विमा नसेल तर तहसीलदारांकडे नुकसानीचा अर्ज द्या, पंचनाम्याची प्रत जोडा आणि पोच घ्या. दंगलीतल्या नुकसानीची भरपाई जबाबदार असलेल्यांकडून वसूल करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तत्त्वं घालून दिली आहेत, त्यामुळे आज ठेवलेले कागद उद्या उपयोगी पडतात.

पोलीस जबाबाला आले तर

साक्षीदार म्हणून बोलावणं आलं की घरात धास्ती पसरते. कायदा इथं तुमच्या बाजूचा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे बायकांना, १५ वर्षांखालच्या आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांना, अपंग आणि गंभीर आजारी माणसांना जबाबासाठी राहत्या जागेखेरीज कुठंही यायची सक्ती करता येत नाही. जबाब घरी द्या. शेजारी कुणाला तरी बसवा. लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगा आणि बोललात तेवढंच आहे ना, बघा. तपासात पोलिसांसमोर दिलेल्या या जबाबावर सही घेतली जात नाही, कलम १८१ तसं सांगतं. मोबाईल जप्त केला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता कलम १०५ नं बंधनकारक आहे.

घरातल्या पोरालाच उचललं असेल तर कोणत्या ठाण्यात नेलं ते विचारा, वेळ लिहून ठेवा आणि वकील गाठा. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, १५१०० हा त्यांचा नंबर. उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आली तर आता मुंबईच्या फेऱ्या नकोत, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंचचं काम सुरू झालं आहे.

धमकी आली तर गप्प बसू नका. ज्या नंबरवरून आली तो जपून ठेवा, त्याच दिवशी ठाण्यात लेखी द्या. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून लागू आहे आणि तिच्याखाली अर्ज करता येतो. सरकारी वकील किंवा विधी सेवा प्राधिकरण तो करायला मदत करतात.

खटला उभा राहायला वर्षं जातात. समन्स आलं की जायचंच, आणि जाताना ती वही सोबत न्यायची. घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर स्वतः लिहिलेली नोंद साक्ष देताना बघून आठवण ताजी करायला साक्ष अधिनियमाचं कलम १६२ परवानगी देतं. न्यायाधीशांनी विचारलं, ‘चेहरा दिसला होता का?’ आणि वहीत ‘नाही’ लिहिलेलं असेल, तर ‘नाही’ म्हणायचं. समोर बसलेला शेजारी असो वा अनोळखी, उत्तर तेच.